बाळ, वय वर्षे तीन

"मोठ्यानं बोल की!"

हे मी ऐकलं ते शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या लायब्ररीत. माणसं शिंक आली तरी आधी चारी बाजूंना बघून घेतात, अशी ती जागा. मी गुडघ्यांवर बसून, दातओठ खात, पण अगदी हलक्या आवाजात माझ्या तीन वर्षांच्या सईला टेबलाखालून बाहेर ये म्हणून दटावत होते, आणि पाठीमागून हा हुकूम आला. चक्क मराठीत. वळून पाहिलं तर पुस्तकांची ढकलगाडी धरून एक गोरी म्हातारी उभी. आखूड कापलेले पांढरे केस, अंगात लोकरीचा स्वेटर, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला. बिल्ल्यावर नाव होतं हेला.

"पोरीला रागं भरतीस न्हवं? मग मोठ्यानं बोल. कानात बोललेलं पोरं ऐकत न्हाईत."

माझ्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. सई मात्र निमूट बाहेर आली.

ही २००३ सालची गोष्ट. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मी पुण्याची बाई, नोकरी करायची परवानगी नाही, एकुलती गाडी नवरा ऑफिसला घेऊन जाणार, आणि चालत गाठता येईल असं त्या गावात एकच ठिकाण, ते म्हणजे ही लायब्ररी. पुढची पाच वर्षं हेला माझ्या आयुष्यात होती. तिला जगाकडून एकच गोष्ट हवी होती. तिच्या धाकट्या भावाचं नाव माणसांनी भरलेल्या खोलीत मोठ्यानं वाचलं जावं, एवढीच. आणि अडचण ही, की भावाचं नाव तिलाच आठवत नव्हतं.

पण ते मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मी फक्त विचारलं, "तुम्ही... कोल्हापूरच्या?"

"वळिवड्याची," ती म्हणाली, आणि गाडी ढकलत निघून गेली.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुला झोप कमी पडतेय. शेवटी त्याच्या ऑफिसातल्या एका कोल्हापूरकराने उलगडा केला. महायुद्धात पोलंडची हजारो निर्वासित बायकामुलं कोल्हापूरजवळ वळिवड्याला आणून ठेवली होती, पाचेक वर्षं तिथे त्यांची अख्खी वसाहत होती. मी शाळेत इतिहासात पैकीच्या पैकी मार्क मिळवलेली मुलगी, पण मला याचा पत्ता नव्हता. लाज वाटली, खरंच सांगते.

हेला हे नाव आपल्याकडे कसं वाजतं ते सांगायला नकोच. हेला म्हणजे रेडा. वळिवड्याची अक्काताई नावाची बाई कॅम्पात पेरू आणि भुईमुगाच्या शेंगा विकायला यायची. नऊ वर्षांच्या या पोरीने पहिल्यांदा आपलं नाव सांगितलं तेव्हा अक्काताई पाटी खाली ठेवून हसली होती. "हेला? अगं बया, पोरीचं नाव हेला ठेवतंय व्हय कोण!" आणि तिने जागच्या जागी नाव बदलून टाकलं: हिरा. म्हणून मीही तिला हिरामावशी म्हणायला लागले. तिने हरकत घेतली नाही. उलट मी पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा तिने ढकलगाडी थांबवली आणि म्हणाली, "परत म्हण." मी परत म्हटलं. "आता मोठ्यानं." मी मोठ्यानं म्हटलं, आणि लायब्ररीयन बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

नावांचं तिला वेडच होतं. दुकानातला गल्ल्यावरचा मुलगा, बसचा ड्रायव्हर, दात काढणारा डॉक्टर, सगळ्यांच्या बिल्ल्यावरचं नाव ती मोठ्यानं वाचायची आणि "पुरतं सांग" म्हणायची. पुरतं नाव मिळालं की तीनदा घोकायची. सहा महिन्यांनी तोच मुलगा भेटला तर त्याच्या बापाच्या आडनावासकट हाक. लोक दचकायचे. रांगेत मात्र ती कधीही उभी राहिली नाही. दुकान उघडायच्या आधी दाराशी हजर, आणि पुढे चार माणसं दिसली तर सरळ परत घरी, मग घरात दूध असो वा नसो.

माझ्या नवऱ्याला, विश्वजितला, ऑफिसात सगळे 'विश' म्हणतात हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "विष? विष म्हंजे इख की रं! तू हूं म्हणतोस त्यांना?"

"मावशी, त्यांना पूर्ण नाव म्हणता येत नाही."

"मग शिकीव. जित्या माणसानं आपलं नाव टाकू न्हाई. मेल्यावर टाकायला लोक बसल्यातच."

विश्वजितने दुसऱ्या दिवशी टीम मीटिंगमध्ये आपलं नाव पूर्ण सांगितलं. फरक काही पडला नाही, पण सांगितलं.

मी मोठी शहाणी, तिचं मराठी सुधारायला गेले होते. ती स्वतःबद्दल बोलताना "मी येतो", "मी जातो" म्हणायची. मला वाटलं, परदेशी बाई, लिंग चुकतंय. म्हटलं, "मावशी, बाईमाणसानं 'मी येते' म्हणायचं."

"कोण म्हणतं?"

"सगळ्या बायका."

"अक्काताई म्हणत न्हवती."

मी दोनचारदा प्रयत्न केला. मग तो ऑफिसातला कोल्हापूरकर एकदा जेवायला आला असताना मी त्याच्यासमोर ही गंमत सांगितली, तर तो पोट धरून हसला. "वहिनी, आमच्याकडं बायका अशाच बोलतात. माझी आई आजही 'मी जातो' म्हणते. चूक तुमची आहे." हिरामावशी शेजारीच बसली होती. ठेच्याबरोबर भाकरी खात तिने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्यानंतर माझं व्याकरण मी माझ्यापाशी ठेवलं.

मला एक कोडं होतं. चौदा वर्षांची असताना ती वळिवड्याहून निघाली. मग इंग्लंड, मग शिकागो. नवरा पोलिश प्लंबर, तो वारलेला, मूलबाळ नाही. आयुष्य लोकांचे कपडे उसवून मापाला शिवून देणाऱ्या दुकानात गेलं. म्हणजे पंचावन्न वर्षं हिला मराठी बोलायला माणूस नाही. आमची सई तर आई-बाप घरात असून "आय डोन्ट वॉन्ट" म्हणते. मग हिची भाषा टिकली कशी? विचारलं की ती एकच उत्तर द्यायची, "बोलतो की घरात." मला वाटलं, म्हातारी एकटी आहे, स्वतःशी बोलत असेल.

२००४च्या उन्हाळ्यात तिने मला लायब्ररीच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. "तू कॉम्प्युटरवालीस न्हवं? एक फारम भरायचाय." मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. फॉर्म म्हणजे माझ्या हातचा मळ. म्हटलं, आणा.

तो फॉर्म नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या नावांच्या यादीचा होता. एका माणसाला एक पान.

मला काही कळेना. कॅम्पातल्या सगळ्या बायका कॅथलिक होत्या म्हणून ऐकलं होतं. मी विचारलं. ती म्हणाली, "गळ्यात क्रॉस होता. तोंडाला कुलूप." आणि मग तिथेच, मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी, सपाट आवाजात तिने सांगितलं. तेवढ्या एकदाच ती हलक्या आवाजात बोलली.

त्यांचं गाव नदीकाठी. १९३९च्या सप्टेंबरात जर्मन आले तेव्हा ती पाच वर्षांची. घरात आजी, बाळंतीण आई आणि काही दिवसांचा भाऊ. बाप हिला घेऊन नदीपलीकडे रशियनांच्या बाजूला गेला. बेत असा, की आई जरा हिंडतीफिरती झाली की बाप परत येऊन त्या तिघांना नेणार. नदी ती केवढी, आपल्या पंचगंगेएवढी, असं ती म्हणाली. पण पलीकडे हद्द बंद झाली. पुढच्या वर्षी रशियनांनी बापलेकीला गाडीत घालून सायबेरियाला धाडलं. तिथून सुटल्यावर दक्षिणेला, गरम मुलखात. तिथे टायफसची साथ. बाप त्यात गेला. हिचे केस गेले, ताप डोक्यात गेला, आणि बरी होऊन उठली तेव्हा पोलिश अनाथाश्रमात होती, गळ्यात त्यांनी घातलेला क्रॉस. मग इराण, मग बोट, मग कोल्हापूर. आणि नदीच्या त्या काठावर राहिलेल्या ज्यूंना १९४२ साली एका दिवसात नेऊन मारलं.

"तवा त्यो तीन वर्सांचा झाला असणार," ती म्हणाली. "चालत गेला का आईच्या कडंवर, ते मला ठाऊक न्हाई."

मी आईचं पान भरलं, बापाचं भरलं (पळापळीत साथीने गेलेलेही त्या यादीत घेतात), आजीचं भरलं. मग भावाचं उघडलं. पहिली चौकट पहिल्या नावाची, शेजारी तांबडी चांदणी. भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"नाव?"

ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"मावशी, भावाचं नाव काय?"

"ठेवलं हुतं," ती म्हणाली. "आठव्या दिवशी ठेवत्यात आमच्यात. लोक आलते. केक हुता, वर खसखस. मी दोन तुकडं खाल्लं." आणि मग, "नाव आठवत न्हाई. केक आठवतो."

बापाला नाव माहीत होतं. तो तीन वर्षं हिच्याजवळ होता. तिने कधी विचारलं नाही, कारण तेव्हा तिला माहीतच होतं. तापानंतर ते डोक्यातून पुसलं गेलं आणि तोवर सांगणारा उरला नव्हता.

"मग काय लिहू?"

"बाळ लिही."

आणि इथे मी ती चूक केली. चूक कसली, शहाणपणाच केला. दहा वर्षं टेस्टिंग केलेली बाई मी, चौकट भरायची, पुढे जायचं. बाळ म्हणजे बेबी. मी टाइप केलं 'बेबी' आणि बटण दाबणार, एवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"ह्ये काय लिवलंस?"

"बाळ. इंग्रजीत."

ती उठून उभी राहिली. अख्खी लायब्ररी वळून बघायला लागली एवढ्या मोठ्यानं ती ओरडली. "बेबी मी म्हणाले व्हय? बेबी समद्यांच्या घरात असतं! त्या यादीत हजार बेबी हायत! माझ्या भावाला नाव न्हाई व्हय?" तिने पर्स उचलली आणि चालू लागली. आणि तिच्या तोंडून पहिल्यांदाच 'म्हणाले' गेलं होतं, 'म्हणालो' नव्हे, इतकी ती हादरली होती. मी कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. सई म्हणाली, "आई, व्हाय इज आजी मॅड?"

ती आठ महिने माझ्याशी बोलली नाही. मी लायब्ररीत गेले की तिची गाडी दुसऱ्या ओळीत वळायची. मी पुणेरी, मलाही ताठा. म्हटलं, मी काय मुद्दाम केलं? बाळ म्हणजे बेबी नाही तर काय? एकदा फोनवर आईकडे कुरकुर केली. आई सगळं ऐकून म्हणाली, "का गं, तुझ्या बाळकाकाला कुणी बेबी म्हटलं तर चालेल तुला?"

माझे सख्खे थोरले काका. वय शहात्तर, बँकेतून रिटायर, मिशा, दमा. त्यांचं नाव बाळ. पाळण्यात काहीतरी भारदस्त नाव ठेवलं होतं म्हणे, पण ते कुणी कधी वापरलं नाही, आणि शाळेत घालायला नेलं तेव्हा आजोबांनी तेच लिहून दिलं, बाळ. दाराच्या पाटीवर बाळ. मी जन्मभर त्यांना बाळकाका म्हणत आले आणि त्यात मला कधी तान्हं मूल दिसलं नाही. मग हिच्या भावाच्याच बाबतीत मला भाषांतर का सुचलं? माझा मलाच असा राग आला म्हणून सांगू!

तेव्हा मला दुसरं मूल झालेलं होतं, निहार. बारसं करायचं होतं. मी सरळ तिच्या घरी गेले, बेल वाजवली आणि तिने दार उघडताच, ती बंद करायच्या आत, मोठ्यानं म्हटलं, "मावशी, माझ्या काकांचं नाव बाळ आहे. शहात्तर वर्षांचे आहेत. दारावर पाटी आहे."

तिने कडीवरचा हात काढला. मग बाजूला झाली आणि म्हणाली, "आत ये. चहा टाकतो."

त्या दिवशी तिने मला अक्काताईची गोष्ट सांगितली. कॅम्पात ही पोर कुणाशी बोलायची नाही. अक्काताईच्या कडेवर एक मूल असायचं, ते ही मागून घ्यायची आणि खाली ठेवायची नाही. एकदा अक्काताईने विचारलं, तुला भाऊ हाय? ही रडायला लागली. नाव काय त्याचं? ही आणखी रडायला लागली. हातवारे करून, मोडक्यातोडक्या शब्दांत अक्काताईला एवढं कळलं की नाव हरवलंय. ती म्हणाली, "हात्तिच्या! मग बाळ म्हण की. माझ्या थोरल्या दिराला अजून बाळच म्हणत्यात, मिशा आल्या तरी."

"तवापास्नं त्यो बाळ," हिरामावशी म्हणाली. "मराठी टिकली कशी म्हणून इचारतीस न्हवं? त्याच्याशी बोलतो की. दुसऱ्या भाषेत त्याला नावच न्हाई."

मी तिच्या स्वयंपाकघरात ढसाढसा रडले. ती रडली नाही. "च्या निवतोय," म्हणाली.

बारशाला आत्या लागते. आमच्या निहारची आत्या नाशिकला. मी मावशीला म्हटलं, तुम्ही व्हा. ती आली तेव्हा आमच्या दारावरचं स्वस्तिकाचं स्टिकर विश्वजितने खरवडून काढलं होतं, पण चौकोनी डाग उरला होता. तो बघून ती थबकली. मी घाईघाईने म्हणाले, "मावशी, ते आपलं वेगळं असतं..."

"ठाऊक हाय. अक्काताईच्या दारावर हुतं. डोस्क्याला ठाऊक हाय, पोटाला न्हाई. काढलंस ते बरं केलंस."

आत पाळणा, फुगे, शॉमबर्गमधल्या पंधरावीस मराठी बायका. सगळ्यांनी तिला समजावलं, बाळाच्या कानात हळूच नाव सांगायचं, आम्ही पाठीवर थापट्या मारणार, कुर्रर्र करणार. ती वाकली. आणि निहारच्या कानाशी तोंड नेऊन अशी ओरडली, "निहार!" की पोरगं टाहो फोडून रडायला लागलं आणि बायका थापट्या मारायच्या विसरल्या.

"अहो मावशी, हळू सांगायचं असतं!"

"का?" ती म्हणाली. "कानात सांगितलेलं नाव हरवतं. समद्यांनी ऐकलं म्हंजे एक तरी जगंल सांगायला."

कुणी हसलं नाही. आमच्याकडच्या एका काकूंनी, त्यांना काहीच माहीत नव्हतं तरी, निहारकडे बघत मोठ्यानं त्याचं नाव घेतलं. मग एकेकीने घेतलं.

त्याच आठवड्यात आम्ही पान भरलं. पहिलं नाव: बाळ. वय: तीन.

पण यादीत नाव जाणं वेगळं आणि वाचलं जाणं वेगळं. दर वसंतात जवळच्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, दिवसभर मारल्या गेलेल्यांची नावं वाचायचे. नाव, वय, गाव. हिरामावशी दरवर्षी मागच्या बाकावर बसून दिवसभर ऐकायची. ती यादी करणारे आर्थर नावाचे एक निवृत्त दातांचे डॉक्टर होते, अतिशय सज्जन, स्वतःची निम्मी माणसं गमावलेले. त्यांनी पान पाहिलं आणि हळुवारपणे म्हणाले, हे नाव आमच्या लोकांतलं नाही, पोलिशही नाही. याचा अर्थ काय? मी सांगितला. ते म्हणाले, ज्यांची नावं कळलेली नाहीत अशी पुष्कळ मुलं आहेत. त्यांना आम्ही अमक्या घरातलं एक मूल असं वाचतो, तसं चालणार नाही का?

"नाव हुतं त्याला," हिरामावशी मराठीतच म्हणाली. मग इंग्रजीत, "मी केक खाल्लाय."

आर्थरनी पान पुन्हा एकदा वाचलं. मग मला म्हणाले, खरोखर या नावाचा कुणी माणूस आहे का? मी त्याच दिवशी पुण्याला फोन केला. बाळकाकांनी आपलं लाइटबिल फॅक्स केलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं, 'माझं नाव बाळ आहे. त्या मुलाचं वाचा.' दम्याचा माणूस फॅक्सच्या दुकानाचे दोन जिने चढून गेला होता.

आर्थरनी ते बिल दोनदा वाचलं. "कसं म्हणायचं?" त्यांनी विचारलं, आणि प्रयत्न केला. बॉल झालं. बॅल झालं. बाल झालं, म्हणजे हिंदीतले केस. ळ काही येईना. मावशीने हात वर केला. "ऱ्हाऊ दे. मी वाचतो."

२००६ आणि २००७, दोन्ही वर्षं तिने वाचलं. मी मागे बसले होते. आई, बाप, आजी, ही नावं ती नेहमीच्या आवाजात वाचायची. मग थांबायची, पाठ ताठ करायची, आणि "बाळ! तीन वर्सं!" असं म्हणायची की माइक कर्कश्श किंचाळायचा. अख्ख्या सभागृहात तो ळ कळणारी मी एकटी. बाहेर पडताना दोन्ही वेळा तिने मला विचारलं, "ऐकू आलं?" आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, "शेवटपर्यंत." मग दुसऱ्या वर्षी गाडीत बसताना म्हणाली, "मी मेल्यावर ह्यांना ळ कोण म्हणून दावणार?" मी म्हटलं, मी आहे की. ती म्हणाली, "तू हळू बोलतीस."

त्याच वर्षी थंडी सुरू होताना तिला अर्धांगाचा झटका आला. तिला जिथे ठेवलं होतं तिथून मला फोन आला. नर्स सांगत होती, पेशंट काहीतरी सारखं बोलतेय, इंग्रजी गेलंय, आम्ही पोलिश नर्सला बोलावलं तर ती म्हणते हे पोलिश नाही. पर्समध्ये तुमचा नंबर मिळाला. मी गेले. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात मेलेला. मला बघून म्हणाली, "पाणी दे गं. सकाळधरनं मागतोय."

तिच्याकडे दोनतीनशे शब्द उरले होते, आणि ते सगळे वळिवड्याचे. मी एका कागदावर रोमन अक्षरांत लिहून दिलं: पाणी, भूक, दुखतंय, बास. नर्सनी तो पलंगाच्या वर चिकटवला. आठवड्यागणिक शब्द गळत गेले. फेब्रुवारीपर्यंत भूक गेलं, दुखतंय गेलं. मार्चमध्ये ती मला ओळखेनाशी झाली. मी बसायचे, ती खिडकीकडे बघायची. मला फार भीती वाटायची, एक दिवस 'बाळ' हाही शब्द जाईल म्हणून. मी विचारायला धजले नाही.

२००८च्या वाचनाला आर्थरनी तिला चाकाच्या खुर्चीतून आणवलं आणि पहिल्या ओळीत ठेवलं. पायांवर चौकड्यांची शाल, मान छातीवर. तिची चार पानं माझ्या हातात दिली. मी कोण? पुण्याची एक बाई, जिच्या गावात यातलं काही घडलं नाही, जिच्या घरातलं कुणी मेलं नाही. आईचं वाचलं, बापाचं वाचलं, आजीचं वाचलं. मान वर झाली नाही. मग चौथं पान घेतलं. अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "बाळ."

पहिल्या ओळीतून, वाकड्या तोंडातून, अख्ख्या सभागृहाला दचकवत आवाज आला.

"मोठ्यानं!"

तिची मान वर होती. डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या हातातल्या कागदावर होते. त्यानंतर मी तिच्या तोंडून एकही शब्द ऐकला नाही, आणि जूनमध्ये ती गेली. पण त्या दिवशी मी माइक बाजूला सारला आणि माझ्या उभ्या जन्मात ओरडले नसेन एवढ्या मोठ्यानं त्याचं नाव घेतलं.